पुंडलिकभाऊ आणि मेलेले कॉम्प्युटर

पुंडलिकभाऊ नासरे गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, लिहिलं होतं, 'अत्यंत शांत, मनमिळाऊ व हसतमुख कर्मचारी आपल्यातून निघून गेला.' खाली अठ्ठावीस जणांनी हात जोडले होते. सवयीने माझाही अंगठा तिकडे गेला, मीही जोडले. आणि मग मोबाइल खाटेवर आपटला.

शांत? हसतमुख? अकरा वर्षं मी या माणसाला रोज पाहिलं. एवढ्या काळात ते चारदा हसले असतील, त्यातले तीनदा माझ्या फजितीला. माणूस मेला की अंगावरचे दागिने काढून घेतात, तसा पुंडलिकभाऊंचा राग काढून घेतला या लोकांनी. आता उरलं काय त्यांचं? म्हणून हे लिहितोय. राग तेवढा त्यांचा त्यांना परत मिळावा.

हिंगणघाटापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर आमची शाळा. गावाचं नाव सांगत नाही. मोठे सर अजून नोकरीत आहेत आणि मीही त्याच संस्थेचं मीठ खातो. पुंडलिकभाऊ तिथे प्रयोगशाळा परिचर होते. बुटके, वाळल्या तुरीच्या काडीसारखे. चष्म्याच्या तुटक्या दांडीला लाल-पिवळ्या वायरचा वेढा, खाकी शर्टाच्या खिशात टेस्टर आणि कानावर विडी नव्हे, बारका स्क्रूड्रायव्हर. घरची दीड एकर भाजी. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. सकाळी भाजीला पाणी देऊन यायचे, त्यामुळे चपलेला कायम ओला चिखल. 'चपला पुसून या' असं त्यांना कोणी म्हणत नसे. कोण म्हणणार!

माझी आणि त्यांची ओळख खांडेनवमीला झाली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची पूजा होते. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा. मी नवाकोरा कॉम्प्युटर शिक्षक. म्हटलं, आपलीही हत्यारं काही कमी नाहीत. बाराही कॉम्प्युटर ओळीत मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. देवाला बंद यंत्र काय दाखवायचं, म्हणून सगळे चालू ठेवले. मोठ्या सरांसमोर जरा छाप पडावी या हेतूने नारळ घेतला आणि सगळ्यांत मोठ्या कॉम्प्युटरच्या लोखंडी कोपऱ्यावर फोडला. नारळ एका घावात फुटला. पाणीही एका धारेत वरच्या जाळीतून आत गेलं. फट् असा आवाज, निळा धूर, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पूजेचाच भाग.

मागून कोणीतरी मला ढकलून भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. वळून माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुमी कॉम्प्युटर शिकवाले आले का त्याले मोक्ष द्याले?"

हे पुंडलिकभाऊंनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

चार दिवसांनी ते मला प्रयोगशाळेमागच्या खोलीत घेऊन गेले. बंद पडलेले, जुने झालेले, कोणी देणगी दिलेले पण आधीच म्हातारे असलेले कॉम्प्युटर छतापर्यंत रचलेले. माझा मयत कॉम्प्युटर तिथे उघडा पडला होता. त्याचा पंखा त्यांनी उन्हात वाळवला होता आणि तो फिरत होता.

"भंगारातून इतकं निघालं, बरं झालं," मी म्हणालो.

"भंगार?" त्यांचा आवाज चढला. "कोन म्हनते भंगार? हे रिकामं बसलं हाये. रिकाम्या मानसाले तुमी भंगार म्हनता का? मंग आमच्या स्टाफरूममंधी का ठेवलं हाये?"

त्यांचा राग असा सरळ चालत नसे. वस्तूवरून निघाला की माणसावर येऊन थांबे. कोणी काही फेकताना दिसलं की तो सुरू होई. फेकाले अक्कल लागत नाई, असं ते म्हणत, आणि 'फेकाले' म्हणताना आपल्याकडेच बघत.

त्या खोलीतून काय काय निघालं! कॉम्प्युटरचे सहा पंखे त्यांनी लाकडी चौकटीत ओळीने बसवले, कॉम्प्युटरच्याच वीजडब्यावर, म्हणजे पॉवर सप्लायवर, चालवले आणि समोर ओलं बारदान टांगलं. त्या पेटीत सांबाराच्या जुड्या आठवडी बाजारापर्यंत हिरव्यागार राहायच्या. शेजारपाजारचेही आपली मेथी आणून ठेवायचे आणि शिव्या खायचे, कारण बारदान ओलं करायचं विसरायचे. कीबोर्डची बटणं उपटून, धुऊन, वर कागदी अक्षरं चिकटवून पहिलीच्या बाईंना दिली. जुन्या टीव्हीसारख्या मॉनिटरांचे खोके कोंबड्यांना दिले. आतली काच मात्र त्यांनी कधी फोडली नाही, फोडू दिली नाही. "ह्याच्यात इख हाये," म्हणत आणि त्या काचा गोणपाटात गुंडाळून वेगळ्या ठेवत. कोंबडी अंड्यांवर बसून पडद्याच्या जागेतून बाहेर बघायची. गावातली म्हातारी माणसं मुद्दाम बघायला येत आणि विचारत, "आज बातम्यात का हाये?"

ते बघून मलाही स्फुरण चढलं. एक वीजडबा मी घरी नेला आणि वडिलांच्या फवारणी पंपाची बॅटरी त्यावर चार्ज करायला लावली. लाल वायर कुठे, काळी कुठे, हे बघायला मी काय वायरमन होतो? कॉम्प्युटरमधली पदवी होती माझी. बॅटरी दिवाळीच्या अनारशासारखी फुगली. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुंडलिकभाऊ मात्र बोलले, प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

त्यांची धाकटी बहीण वच्छलाताई. कापसाच्या दिवसांत ती गावातल्या सात बायांबरोबर हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायची. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. मशिनीत कापूस जाण्याआधी त्यातला काडीकचरा वेचणं हे या बायांचं काम. एका दुपारी कापसातून एक खिळा मशिनीत गेला. रुळात अडकला, ठिणगी पडली. कापूस पेटायला ठिणगीच पुरते. समोरची गंजी भडकली. वच्छलाताईचा पदर जळाला, आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या सुमनबाईचा उजवा हात कोपरापासून भाजला. बोटं अजूनही मिटत नाहीत तिची.

मालक म्हणाले, "जिनिंग आहे. वर्षातून एकदा होतंच."

पुंडलिकभाऊंनी हे वाक्य मला किती वेळा म्हणून दाखवलं, सांगता येत नाही. डबा खाताना, घंटा देताना, मध्येच. "वर्सातून एकदा होतेच! पोळा हाये का थो?"

खिळा येतो कुठून, हे त्यांनी जिनिंगच्या आवारात दोन रविवार बसून पाहिलं. बैलबंडीचे खिळे, ट्रॉलीचे नट, गाठोड्याची तार, मोडक्या विळ्याचा तुकडा. कापूस पांढरा, पण त्याच्या पोटात हे सगळं. बायांनी किती बघायचं?

"डोयाले दिसत नाई तं त्याले बोलवा," ते म्हणाले.

"कोणाला?"

"लोखंडाले!"

आणि माझ्यासमोर एक जुनी हार्ड डिस्क धरली. कॉम्प्युटरची सगळी साठवण जिच्यात असते, ती चपटी लोखंडी डबी. सहा टोकांच्या पान्याने त्यांनी ती उघडली. आत आरशासारखी तबकडी आणि कोपऱ्यात बोटाएवढी दोन चुंबकं. पुस्तकात मुलांना मी हार्ड डिस्कचं चित्र शिकवत होतो. ही चुंबकं त्यात आहेत हे मला माहीत नव्हतं. मी दोन्ही हातांत एकेक घेऊन जवळ आणून पाहिली. मध्ये माझं बोट होतं. नख काळं पडलं. पुंडलिकभाऊंनी ती सुटी करून दिली आणि म्हणाले, "पाह्यली ताकद? मंग हे खोलीत निजवून काऊन ठेवलं?"

अकरा हार्ड डिस्कची बावीस चुंबकं त्यांनी शेतातल्या दाताळ्याच्या, म्हणजे काडीकचरा ओढायच्या दातेरी अवजाराच्या, लाकडी आडव्या दांड्यावर बसवली आणि वरून जुनी धोतराची पट्टी गुंडाळली. कापूस पातळ पसरायचा, त्यावरून दाताळं फिरवायचं. लोखंड पट्टीला चिकटतं. संध्याकाळी पट्टी सोडली की सगळं खाली पडतं. वच्छलाताईने पहिल्याच दिवशी तीन खिळे काढले. दुसऱ्या दिवशी बाया भांडल्या. एक दाताळं आणि आठ बाया. हिच्याकडे असेल तर तिच्या ढिगाचं काय? सुमनबाईच्या जागी आलेली नवी पोरगी तर रडली म्हणे.

आणखी तीन दाताळी हवी होती. मागच्या खोलीत तेहतीस कॉम्प्युटर न उघडलेले पडले होते. पहिले अकरा उघडायची परवानगी त्यांना आधीच मिळाली होती, पुढच्यांची नव्हती. आणि हा संतापी माणूस शाळेच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावत नसे. त्यांनी अर्ज लिहिला. मोठ्या सरांना स्वतःच्या हाताने द्यायचा तर भांडण होणार, म्हणून माझ्याकडे दिला. "सर, तुमच्या हातानं द्या. लवकर द्या."

मी तो अर्ज वाचला. लिहिलं होतं, 'खोलीतल्या हार्ड डिस्क द्या. बाया जळतात.' एवढंच. मला वाटलं, असा अर्ज देतात का? मी लाल पेन घेतलं. 'महोदय' घातलं, 'उपरोक्त विषयान्वये' घातलं, 'मिळाल्यास उपकृत होईन' घातलं. मग टाइप करून द्यावा म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. आणि विसरलो.

हो, विसरलो. यावर विनोद करता येईल का, हे मी बरंच शोधलं. नाही सापडला.

दोन आठवड्यांनी मोठ्या सरांच्या डोक्यात 'कचरामुक्त शाळा' प्रमाणपत्र शिरलं. तपासणीला साहेब येणार होते. "ढोके सर," ते मला म्हणाले, "ती मागची खोली." एवढं सांगणं मला पुरलं. मी उत्साहाचा झरा. हिंगणघाटच्या भंगारवाल्याला मीच फोन केला. पुंडलिकभाऊ त्या दिवशी वांग्यांची गाडी घेऊन बाजाराला गेले होते, रजेवर. पिकअप आली, दीड तासात खोली मोकळी झाली. शेवटचा मॉनिटर मोठे सर आणि मी दोघांनी धरून फोटो काढला. त्या फोटोत मी इतका हसतोय की माझे मागचे दात दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी नववीला शिकवत होतो. दारात पुंडलिकभाऊ.

"खोलीतलं कुठं गेलं?"

"पुंडलिकभाऊ, आपल्या शाळेला प्रमाणपत्र..."

"माह्या अर्जाचं का झालं?"

चाळीस पोरं बघत होती. मी ड्रॉवर उघडला. अर्ज होता. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलून जवळ धरला.

"हे लाल का होय?"

"जरा भाषा... व्यवस्थित करत होतो."

 मग ते बोलले, आणि मला वाटतं शेजारच्या दोन वर्गांतही ऐकू गेलं.

"तिकडं बाया जळून राह्यल्या, अन् तुमी इथं कागद सजवून राह्यले!"

मी तास सोडला. मोटरसायकल काढली. ते मागे बसले.  हिंगणघाटपर्यंत मला पाठीवर ऊन नव्हे, त्यांचा राग लागत होता.

भंगारवाल्याचं आवार गावाबाहेर. पोचण्याआधीच काळा धूर दिसला. तांब्यासाठी वायरी जाळत होते. दोन माणसं घणाने मॉनिटर फोडत होती. ज्या काचा पुंडलिकभाऊंनी गोणपाटात जपून ठेवल्या होत्या, त्यांचा चुरा नालीत पडत होता. नाली खाली वणा नदीच्या दिशेने जात होती. मी ज्याला 'कचरामुक्त' म्हणत होतो ते हे होतं. कचरा शाळेतून निघून फक्त दुसऱ्याच्या छातीत गेला होता.

पुंडलिकभाऊ आधी त्या दोन माणसांवरच ओरडले. "तोंडाले फडकं बांधा रे! मराले आले का इथं?" ती दोघं इतकी दचकली की त्यांनी खरंच बांधलं. मग भंगारवाल्याकडे वळले.

"हार्ड डिस्का कुठं हाये?"

"थ्या तं कालच नागपूरले गेल्या," तो म्हणाला. "थोड्याशा राह्यल्या, पोत्यात."

पोत्यात नऊ निघाल्या. तेहतीसपैकी नऊ.

"ह्या मले पाह्यजे."

"बदल्यात का देता?"

"मास्तराले ठेवून घ्या."

भंगारवाल्याने मला वरून खाली न्याहाळलं. "चालते का?"

"नाई. म्हनून तं देऊन राह्यलो."

भंगारवाला पोट धरून हसला आणि पोतं असंच देऊन टाकलं. मीही हसलो. पुंडलिकभाऊ हसले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आजवर ज्याला मी त्यांचा विनोद समजत होतो, तो विनोद कधीच नव्हता.

त्या नऊ डिस्क त्यांनी मला उघडायला लावल्या, त्यांच्या अंगणात, वच्छलाताईसमोर. पाना माझ्यापुढे टाकला. मी दोन स्क्रूची तोंडं झिजवली, एकदा पाना तळहातात घुसवला. वच्छलाताईने हळद आणून दिली. "असू द्या सर," ती म्हणाली, "होते मानसाकून."

"नाई होत!" आतून आवाज आला. "मानसाकून असं नाई होत!"

चारच्या जागी दोन दाताळी झाली. जी दोन झाली नाहीत, ती माझी.

पुढे मालकांनी तीही अडवली. बाहेरचं हत्यार कारखान्यात चालणार नाही, म्हणाले. चौकीदार गेटवर बायांच्या पिशव्या बघू लागला. मग पुंडलिकभाऊंनी चुंबकं दांड्यांवरून काढून धोतराच्या पट्ट्यांत शिवली. पट्ट्या भाकरीच्या फडक्यात गुंडाळून आत जाऊ लागल्या आणि आतल्या झाडूच्या दांड्याला बांधल्या जाऊ लागल्या. बाईला जळण्यापासून वाचायचं, तर तेही चोरून.

आता त्या जिनिंगमध्ये कापसाच्या पट्ट्यावर मोठं विकतचं चुंबक बसवलंय, असं ऐकतो. मालक पाहुण्यांना दाखवतात आणि कल्पना आपली असल्याचं सांगतात. सांगू देत. ते कसं बसलं असावं, याची सुरुवात मी पाहिली आहे. पुंडलिकभाऊंना मी शेवटचं पाहिलं, तेही तेव्हाच.

माझी संस्थेच्या आष्टीच्या बाजूच्या शाळेत बदली झाली होती. ते सांगायला म्हणून संध्याकाळी जिनिंगच्या गेटवर गेलो. सुट्टीच्या वेळी ते बहिणीला घ्यायला येतात हे मला ठाऊक होतं. गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे सायकल धरून उभे होते. मी बदलीचं सांगितलं. ते म्हणाले, "हं." तेवढ्यात बाया बाहेर आल्या. वच्छलाताईने कनवटीचा रुमाल सोडला आणि त्यांच्यापुढे धरला. त्या दिवसाचं लोखंड. सात खिळे, तारेचे तुकडे, एक आख्खा नट, आणि विळ्याचं करंगळीएवढं टोक.

"एका दिवसाचं?" त्यांनी विचारलं.

"आज सकायपासूनचं, दादा."

 त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग रुमालाची गाठ मारली, सायकल माझ्या हातात दिली, "धरा," म्हणाले आणि रस्ता ओलांडून गेटमधून सरळ आत चालू लागले. चिखलाच्या चपला, मालकाच्या ऑफिसच्या दिशेने. चौकीदार ओरडला, ते वळले नाहीत. ऑफिसला काचेचं दार होतं. त्यांनी ते न ठोठावता उघडलं. काचेतून दिसलं, मालक मान वर करतायत, आणि पुंडलिकभाऊ त्यांच्या टेबलावर, त्यांच्या हाताच्या शेजारी, रुमाल उलटा करतायत.

चौकीदार माझ्याकडे धावत आला. "ओ सर, हे तुमच्यासंग हाये का?"

आणि मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, माहीत नाही. नोकरी, बदली, सवय. अंगठ्यासारखीच जीभ गेली. वच्छलाताई माझ्या शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने. पदर कमरेला खोचला आणि गेटमधून आत गेली, भावाच्या मागे. तिच्या मागे दुसरी बाई गेली. मग सुमनबाईच्या जागी आलेली ती पोरगी. मग बाकीच्या सगळ्या. चौकीदार परत धावत जाऊन गेटात हात आडवे करून उभा राहिला आणि त्या त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेल्या. काचेच्या पलीकडे मालक खुर्चीतून उठले होते. पुंडलिकभाऊ समोरच्या खुर्चीत, कोणी बसा न म्हणता, बसले होते.

मी रस्त्याच्या अलीकडे, त्यांची सायकल धरून उभा होतो.